घशाचा विमा

५ जानेवारी २०२५, रविवार. सकाळी.
नवीन वही. तशी लेक पल्लवीच्या अकरावीच्या वहीची उरलेली पानं आहेत, पण कोरी आहेत म्हणजे नवीनच. या वर्षाचे संकल्प: रोज लिहायचं. तंबाखू बंद. राग आवरायचा. कुणी काही विकायला आलं तर शांतपणे ऐकून घ्यायचं आणि घ्यायचं नाही.

त्याच दिवशी, सायंकाळी.
गोपाळ येऊन गेला. आमच्याच गल्लीत राहतो, देवस्थानच्या ऑफिसात पावत्या फाडतो आणि उरलेल्या वेळात विमे विकतो. म्हणाला, ग्यानोबाभाऊ, तुमचं पोट कशावर हाय. मी म्हणालो, गळ्यावर. तो म्हणाला, मग गळा गेला तर? मरणाचा विमा तुमच्याकडं हाय, पण माणूस जिता राहिला अन कामच करता आलं न्हाई तर घराचा हप्ता कोण भरतो? तर म्हणे असा एक विमा आहे की ज्या अंगावर धंदा आहे ते अंग गेलं की कंपनी महिन्याच्या महिन्याला पैसे देते. त्यातही दोन जाती. एकात आपलं स्वतःचं काम गेलं तरी पैसे. दुसऱ्यात जगातलं कुठलंच काम जमलं नाही तरच पैसे. तो म्हणाला, पहिली जात घ्या, महाग हाय पण तुमच्या कामाची हाय.
शांतपणे ऐकलं. घेतलं नाही. एका दिवसात दोन संकल्प पाळले.
आता विचार करून लिहितो. बावीस वर्षं झाली, मी हिंगोलीच्या मोंढ्यात रतनसिंग शेठच्या आडतीवर हळदीची हर्राशी पुकारतो. ढिगापुढे उभं राहायचं, व्यापाऱ्यांकडून भाव चढवत न्यायचा, एक वार, दोन वार, तीन वार. तीन म्हटलं की सौदा पक्का आणि बाजूला आडतीचा कारकून संतराम पट्टी, म्हणजे सौद्याची पावती, लिहितो. सात आडतींची पुकार एकाच शेडात चालते, तरी माझा आवाज गेटवर ऐकू येतो. असल्या गळ्याला विमा म्हणजे विहिरीला छत्री.
दुसरं म्हणजे, पहिल्या बोलीला सौदा तोडणारा माणूस मी मोंढ्यात पाहिला नाही. गोपाळनं सांगितलेला आकडा ही पहिली बोली. आपण तोंड फिरवलं की उतरेल. तिसऱ्या खेपेला घेऊ.

१९ जानेवारी, रविवार.
रोज लिहिणं जमलं नाही. पण कधीमधी लिहिलं की विचार जास्त मुरतात.
गोपाळ चौकात भेटला. मी तोंड फिरवलं. त्याला वाटलं मी ओळखलं नाही, म्हणून मागं येऊन ओळख दिली. घरी ज्योतीला सांगून ठेवलं की गोपाळशी जरा थंड राहा, भाव उतरवायचाय. तो साखर मागायला आला तर तिनं साखर दिली, वर त्याच्या आईच्या गुडघ्याची चौकशी केली. बायकांना बाजार कळत नाही.
ज्योतीचं म्हणणं, घेऊन टाका. म्हणाली, शिलाईत माझे किती येतात तुमाला माहीत हाय. गळा बसला तर बँकवाला दारात थांबून आवाज उठायची वाट पाहीन का? मी तिला समजावलं की ज्याचं स्वतःचं घर आहे त्याला विमा लागत नाही, घर हाच विमा. भिंती कुठं पळून जात नाहीत. ती म्हणाली, भिंती शिजवता बी येत न्हाईत.

११ फेब्रुवारी, मंगळवार.
वाढदिवस. सेहेचाळीस लागलं. ज्योतीनं शेवयाची खीर केली.
गोपाळ आला आणि आकडा वाढवून सांगितला. म्हणे वय बदललं की कंपनीच्या तक्त्यात पुढच्या खान्यात जावं लागतं. छापील तक्ता दाखवला. मी मनातल्या मनात हसलो. भाव आधी वर न्यायचा आणि मग उतरवल्याचं नाटक करायचं, ही चाल मोंढ्यात शेंबडं पोरगंही ओळखतं. त्याला खीर दिली आणि परत लावून दिलं.
दोन बोल्या झाल्या. एक राहिली.

३ मार्च, सोमवार.
नवीन हळद यायला लागली. शेडात पाय ठेवायला जागा नाही. दिवसाला दीडशे ढीग पुकारले. नाकातोंडात पिवळी धूळ, घरी येऊन चूळ भरली की मोरी पिवळी.
घसा थोडा खवखवतोय. कारण उघड आहे, घरातलं आलं संपलंय. तंबाखू सोमवारपासून बंद.

२४ मार्च, सोमवार.
आज एक किरकोळ गोष्ट झाली. ‘तीन वार’ म्हणताना आवाज फुटलाच नाही. नुसती हवा. एका व्यापाऱ्याला वाटलं दोनवरच आहे, त्यानं शंभर चढवले. ज्याच्या नावावर सौदा सुटला होता तो भडकला. दहा मिनिटं कालवा. शेवटी शेतकऱ्याला क्विंटलमागं शंभर जास्त मिळाले, म्हणजे माझ्या घशानं एका गरिबाचं भलंच केलं.
शेठ बोलले, ग्यानोबा, गला दिखाओ किसी को. मी म्हणालो, धूळ आहे. ते म्हणाले, धूल तो सबके गले में है.
तंबाखू या सोमवारी बंद करायची राहिली, कालव्यात लक्षात आलं नाही.

१३ एप्रिल, रविवार.
घसा आठ दिवस धरून आहे. सकाळी खर्जात येतो, दुपारी जातो. उद्या जयंती. मोंढा बंद. ठरवलंय, मिरवणुकीत हात जोडून चालायचं, वंदना मनात म्हणायची, तोंडातून अक्षर काढायचं नाही. ज्योतीसमोर शब्द दिलाय.

१५ एप्रिल, मंगळवार.
मंडळाचा माईक ऐनवेळी बंद पडला. बक्षिसांची नावं पुकारायची होती, शंभरावर लेकरं. कुणीतरी म्हणालं, ग्यानोबा असल्यावर माईक कशाला पाहिजे. चारचौघांत असं म्हटल्यावर माणूस काय करणार. पुकारली. सगळी पुकारली, मग घोषणा आल्या, त्या काय हळू द्यायच्या असतात का.
आज सकाळी तोंड उघडलं तर काहीच नाही. खरखरसुद्धा नाही. मागून कुणी गळ्याची वायर काढून घेतल्यासारखं.
कागदावर ‘चहा’ लिहून ज्योतीला दाखवलं. तिनं त्याच कागदावर खाली लिहिलं, गोपाळला बोलवू का. मी लिहिलं, नको. चहा पिऊन झाल्यावर लिहिलं, बोलव.

१६ एप्रिल, बुधवार.
गोपाळ आला. थोडी कुजबुज निघत होती, तेवढ्यात सांगितलं की चल, तुझा पहिला आकडा मला मंजूर आहे. तो म्हणाला, भाऊ, तो आकडा तुमच्या वाढदिवसालाच गेला, हा काय मोंढा हाय का, आमच्याकडं बोली नसती. मी चाट पडलो. म्हणजे तीन महिने मी ज्याच्याशी भाव करत होतो त्याला हे माहीतच नव्हतं.
तो म्हणाला, आधी घसा दाखवा, मग फॉर्म भरू, अन घशाचं खरं लिहू. मी म्हणालो, खरं लिहिलं तर देतील का. तो म्हणाला, घसा सोडून बाकीचं देतील कदाचित. बाकीचं घेऊन मी काय करू? माझ्या पायांवर कुणी हळद विकत घेतं का? मी हट्टानं फॉर्म काढायला लावला.
फॉर्ममध्ये ‘सध्या कोणताही त्रास’ या खान्यात त्यानं पेन ठेवला आणि म्हणाला, इथं माझा हात चालत न्हाई, तुमी लिहा. मी लिहिलं, ठणठणीत. अक्षर चांगलं आलं.

२२ एप्रिल, मंगळवार. दुपारी.
कंपनीतून खात्री करायला फोन आला. मुलगी होती. म्हणाली, सर, तुमचा आवाज येत नाही. मी जीव तोडून हॅलो म्हणालो. ती म्हणाली, सर, तुमच्याकडे नेटवर्कचा प्रॉब्लेम आहे, शुक्रवारी परत करते. नेटवर्क. इतकं हलकं वाटलं म्हणून सांगू. कंपनीच्या माणसानंच मान्य केलं की दोष घशात नाही, टॉवरमध्ये आहे.

२५ एप्रिल, शुक्रवार.
आजचं लिहायला हात होत नाही, पण लिहितो.
कंपनीच्या फोनवर माझ्या जागी संतरामला बोलायला बसवलं. गोदामात पोत्यांच्या मागं. नाव, जन्मतारीख, सगळी उत्तरं चिठ्ठीवर लिहून दिली. नाव बराबर सांगितलं, तारीख बराबर. तंबाखू खाता का विचारलं, तर चिठ्ठीवर ‘नाही’ असताना तो म्हणाला, सोमवारपासून बंद. मी चिठ्ठीवर बोट ठेवलं. मग तिनं विचारलं, घशाची किंवा आवाजाची काही तक्रार? चिठ्ठीवर मी ‘नाही’ मोठ्या अक्षरात लिहून खाली दोन रेघा मारल्या होत्या. पण संतरामनं बावीस वर्षं पट्टीवर खराच आकडा लिहिलाय. तो म्हणाला, मॅडम, आवाज पार बसलाय माझा, दहा दिस झाले, शब्द फुटत न्हाई, म्हणून तर माझ्या जागी मी बोलून राहिलो.
पलीकडे तिनं काहीतरी टाईप केलं. मग थँक यू सर.
संतरामनं फोन ठेवून मला विचारलं, बराबर झालं ना. मी मान हलवली. दुसरं काय करणार, ओरडताही येत नव्हतं.

६ मे, मंगळवार.
अर्ज नामंजूर. दोन ओळींचं पत्र. गोपाळलाही कंपनीनं झापलं, त्याचं काम दोन महिने थांबवलं. तो घरी आला नाही, साखरही मागायला आला नाही. ज्योतीच जाऊन आली त्याच्याकडे. मी गेलो नाही. मला लाज वाटते असं नाही, फक्त बोलता येत नाही म्हणून.
कंपनी तशी लहानच असणार. मोबाईलवर पल्लवीनं आणखी तीन कंपन्यांचे फॉर्म काढले. तिन्हींत एकच प्रश्न: आधी कुणी तुमचा अर्ज नाकारला आहे का. पल्लवीनं तिन्ही बंद केले. तिची आत्ता बारावी झाली, पुढच्या फीचा विषय ती काढत नाही हे माझ्या लक्षात येतंय.

१९ मे, सोमवार. नांदेड.
डॉक्टरनं नाकातून कॅमेरा घातला आणि मला टीव्हीवर माझा गळा दाखवला. आवाजाचे दोन पडदे, दोन्हींवर गाठी. ऑपरेशन, मग महिनाभर मौन. डॉक्टर म्हणाला, बोलणं येईल, पण जन्मात ओरडायचं नाही. मी कागदावर लिहून विचारलं, ओरडणं कशाला म्हणायचं. तो म्हणाला, शेजारच्या खोलीत ऐकू गेलं तर ते ओरडणं.
बसमध्ये ज्योती पूर्ण रस्ता खिडकीबाहेर बघत होती. मी वहीत लिहून तिला दाखवलं की डॉक्टर लोक वाढवून सांगतात, आपण निम्मं धरायचं. तिनं वाचलं आणि वही मिटून माझ्या मांडीवर ठेवली.
आईला काही कळू द्यायचं नाही असं ठरवलं. ती पुसेगावला एकटी असते, ऐकलं तर पायी निघेल. तिचा फोन आला की ज्योती सांगते, हळदीचा सीझन आहे, ते मोंढ्यातच असतात.

१ जुलै, मंगळवार.
ऑपरेशन होऊन महिना झाला, मौन संपलं. पहिला शब्द काय बोलावा याचा महिनाभर विचार केला होता. ‘ज्योती’ म्हणालो. तिनं मागं वळून दाराकडं पाहिलं, कोण आलं म्हणून.
आवाज थोडा वेगळा आहे. वापरानं रुळेल.

९ जुलै, बुधवार.
उपाय सापडला. कमरेला बांधायचा स्पीकर आणि तोंडापुढं माईक, गाडीवर फिरून विकणारे वापरतात तसला. वाशिम रोडला कनेरगाव नाक्यावर एक चादरीवाला धंदा बंद करत होता, त्याच्याकडून निम्म्या किमतीत घेतला. हे जानेवारीतच सुचलं असतं तर विम्याची भानगडच नव्हती. शेठनाही पटलं, म्हणाले, करके देखो.
उद्यापासून परत पुकारणार.

१० जुलै, गुरुवार.
पहिला ढीग चांगला गेला. दुसऱ्याला शीळ वाजायला लागली. ती बंद करायला बटण दाबलं, तर स्पीकरच्या पोटात चादरीवाल्याचं रेकॉर्डिंग राहिलेलं होतं. भर हर्राशीत, तेरा हजाराच्या हळदीपुढं माझ्या कमरेतून आवाज सुरू झाला, दोनशेला जोडी, दोनशेला जोडी, रंग जाणार नाही. बंद होईना. मी दाबतोय तसा आवाज वाढतोय. शेडातल्या सातही हर्राश्या थांबल्या. हमाल पोती खाली ठेवून हसायला लागले. एक व्यापारी म्हणाला, ग्यानोबा, चार जोड्या बांध.
मीही हसलो. हसावंच लागतं. मग मुतारीच्या मागं जाऊन बसलो आणि रडलो. तिथं कुणाला ऐकू जायची भीती नव्हती, रडण्यालाही आवाज नाही माझ्या.

२१ जुलै, सोमवार.
शेठनी ऑफिसात बोलावलं. चहा मागवला, तेव्हाच कळलं. म्हणाले, तुझे निकालूँगा नहीं. संतराम पुकारेल, तू पट्टी लिही. पगार पट्टी लिहिणाऱ्याचा. म्हणजे निम्म्याला थोडा वर.
संतराम पुकारतो म्हणजे पाढे म्हटल्यासारखं. ‘तीन’ म्हणताना जोर देत नाही. सायंकाळी तो पेढे घेऊन घरी आला आणि दारातच उभा राहिला, आत येईना. म्हणाला, ग्यानोबा, मी मागितलं न्हाई रे हे. मी त्याला बसवलं आणि ‘तीन’ कसा म्हणायचा ते हातानं दाखवलं. त्यानं दोनदा करून पाहिलं. आतून पल्लवी ऐकत होती.
ही व्यवस्था तात्पुरती आहे. माझं अक्षर चांगलं आहे हे शेठना दिसेलच.

१० ऑगस्ट, रविवार.
पल्लवीनं हिशेब मांडला. पट्टीच्या पगारातून घराचा हप्ता गेला की गॅसची टाकी आणि किराणा, तोही अर्ध्या महिन्याचा, एवढंच भागतं. मी विचारलं, तो विमा जानेवारीत घेतला असता तर. तिनं सांगायला नको होतं, पण विचारलं म्हणून सांगितलं. कंपनीचे पैसे सुरू होईपर्यंत थांबायचे दिवस जुलैतच संपले असते. या महिन्यापासून हप्त्याएवढे पैसे दर महिन्याला आले असते. गोपाळनं सांगितलेल्या पहिल्या जातीत. पुकारता येत नाही एवढं पुरलं असतं.
मी म्हणालो, पण पट्टी लिहितोय म्हणजे दुसऱ्या जातीत एक रुपया मिळाला नसता, म्हणजे अर्धा तरी मी बराबर होतो. ती म्हणाली, व्हय पप्पा.
पुढच्या दोन खोल्या भाड्यानं दिल्या. तलाठी आहेत, नवराबायको आणि लहान लेकरू. आम्ही मागच्या खोलीत आणि स्वयंपाकघरात. ज्योतीचं मशीन ओट्याला लावून ठेवलंय, पोळ्या झाल्या की ती शाळेच्या गणवेशाला बसते, पहाटेपर्यंत खडखड चालू असते. मी म्हणालो, मी काज करून देऊ का. ती म्हणाली, व्हय, करा. नाही म्हणेल असं वाटलं होतं.
पुढच्या दारातून आता जाता येत नाही. मी मागून जातो. स्वतःच्या घरात मागून जायला लागतं म्हणून काही बिघडत नाही, मोंढा त्या बाजूनं जवळ पडतो.
मला भीती वाटते. हे कुठंच लिहिलं नव्हतं, आज लिहितो. पगाराची वाटते, हप्त्याची वाटते, पण सगळ्यात जास्त वाटते ती याची की मोंढ्यात आता मला कुणी मागं वळून बघत नाही.

२४ ऑगस्ट, रविवार. दुपारी.
आईनं ज्योतीला कळवलंय, पोळा झाला, आता महिनाभर राहायला येते म्हणून. ती आली की पुढच्या खोलीत खिडकीशी झोपते. तिथं तलाठ्यांचा पलंग आहे. कुणीतरी तिला सांगायला पाहिजे. ज्योती म्हणाली, मी सांगते. मी म्हणालो, घर माझं, आई माझी, मीच सांगणार. सकाळपासून गरम पाणी प्यायलो. वाक्य पाठ केलं: आई, घराचं थोडं काम काढलंय, तू दिवाळीला ये.
फोन लावला. ती म्हणाली, कोण. मी म्हणालो, आई, मी. ती म्हणाली, मी कोण. मी म्हणालो, ग्यानोबा. तिचा आवाज चढला. मग म्हणाली, लाज न्हाई वाटत का म्हाताऱ्या बाईला फसवायला? ग्यानोबा पोरगं हाय माझं, मोंढ्यात हर्राशी पुकारतं, त्याचा आवाज मला ठावं न्हाई व्हय? मी म्हणालो, घसा बसलाय आई. ती म्हणाली, समदे असंच म्हणत्यात, घसा बसलाय, पैसे पाठवा. मग म्हणाली, हिंगोलीत तीन खोल्यांचं घर हाय माझ्या पोराचं, त्याला माझ्या पैशाची गरज न्हाई. आणि ठेवला.
परत लावला. माझा हॅलो ऐकून लगेच कट केला.
शेवटी ज्योतीनं तिच्या फोनवरून लावला, स्पीकरवर. ज्योतीचा आवाज ओळखून आई गडबडीनं बोलायला लागली, की ग्यानोबाला सांग, त्याचं नाव घेऊन कुणीतरी चोर फोन करून राहिला, सांभाळून ऱ्हा म्हणावं.
ज्योतीनं माझ्याकडं पाहिलं. म्हणाली, सांगते.